बासरीवादक पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओनील

वाद्य शिकावयाचे म्हटले की आपल्याकडे प्रथम गुरुजी, मग पेटी, मग सरगमचे पुस्तक असा क्रम लागतो. आणि पोटापाण्याचा उद्योग पाठीस लागला म्हणजे तीच पेटी माळ्यावर जाते. ज्ञातिबांधवांच्या घरोघरी अशा पेट्या आम्ही पाहिल्या आहेत. आमच्या घरीही एक आहे. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही अशा एका पुरुषाचे चरित्र निवडले आहे की, ज्याने बत्तीस वर्षे पोलिसात चाकरी केली, संगीतावर कधी पोट भरले नाही, स्वरलेखनही ज्यास धड येत नव्हते. तथापि आयरिश लोकसंगीत ज्याचे आजही ऋण मानते.

फ्रान्सिस ओनील यांचा जन्म १८४८ साली आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात, बॅन्ट्री गावानजीक ट्रालिबेन येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. बटाट्याच्या पिकावरील रोगाने पडलेल्या भीषण दुष्काळाने तो देश तेव्हा होरपळून निघाला होता. घरात गाण्याची आवड होती. आईबापांच्या तोंडची गाणी आणि चव्हाट्यावरच्या नाचास साथ करणाऱ्या वादकांच्या चाली मुलाच्या कानावर पडत आणि तेथेच राहात. टिमोथी डाउनिंग नावाच्या शेजारच्या सधन शेतकऱ्याने त्यास लाकडी आडव्या बासरीचे प्राथमिक धडे दिले. एवढेच काय ते त्याचे रीतसर शिक्षण. शाळेत तो गणितात हुशार होता व त्याने शिक्षक व्हावे अशी घरच्यांची इच्छा होती. परंतु सोळाव्या वर्षी स्वारी घर सोडून जहाजावर चढली.

प्रशांत महासागरात त्याचे जहाज बेकर नावाच्या ओसाड बेटापाशी फुटले. सुटका करणाऱ्या गलबतावर अन्न अपुरे होते व होनोलुलूस पोहोचावयास महिन्याहून अधिक काळ लागला. त्या गलबतावरील हवाई बेटांच्या एका खलाशापाशी बासरी होती. फ्रान्सिसने ती मागून घेऊन वाजविली. त्या खलाशाने प्रसन्न होऊन आपल्या शिध्यातला वाटा त्यास देऊ केला. बंदरास लागल्यावर त्याचे बहुतेक सोबती इस्पितळात गेले, हा मात्र धडधाकट उतरला. भाषा एक नाही, देश एक नाही. केवळ सहा भोकांची नळी उपयोगी पडली!

पुढे कॅलिफोर्नियात मेंढपाळी, मिसूरी राज्यात काही काळ शाळामास्तरकी (हे वाचून आम्हास विशेष आनंद झाला), १८७० साली ॲना रॉजर्स यांच्याशी विवाह, आणि १८७३ साली शिकागोच्या पोलिसात प्रवेश. नोकरीस लागून थोडेच दिवस झाले असता एका चोराने त्यांच्यावर गोळी झाडली. ती पाठीच्या कण्याजवळ रुतली व जन्मभर तेथेच राहिली. १९०१ साली ते त्या अफाट शहराचे पोलीसप्रमुख झाले व १९०५ साली निवृत्त झाले.

आता त्यांच्या अभ्यासाची रीत सांगावयाची. शिकागोत आयर्लंडच्या नाना परगण्यांतून आलेली माणसे राहात होती. कोणी हमाल, कोणी शिपाई, कोणी गिरणीत. प्रत्येकाच्या डोक्यात गावाकडच्या चाली होत्या. ओनील अशा वादकाच्या घरी जाऊन बसत आणि ऐकत. चाल ऐकावी, मनात घोळवावी, शीळ घालून पाहावी आणि ओठांवर बसली म्हणजे मग बासरीवर घ्यावी. तीच चाल दुसरा परगणेकरी निराळ्या वळणाने वाजवी. तेव्हा दोन्ही रूपे ऐकून ते ताडून पाहात. बासरीखेरीज ते आयर्लंडची कोपराने भाता दाबून वाजविण्याची मुरलीही वाजवीत. चांगल्या वादकास पोलिसात नोकरी लावून देतात, असा त्यांच्याविषयी प्रवाद होता. तो अगदीच निराधार नसावा असे आमचे मत आहे.

परंतु डोक्यातली चाल डोक्याबरोबरच जाते. हे ओळखून त्यांनी जेम्स ओनील या पोलीस सहकाऱ्याची मदत घेतली. आडनाव एक असले तरी हे त्यांचे भाऊबंद नव्हेत. जेम्स फिडल वाजवीत आणि त्यांस स्वरलेखन उत्तम येई. फ्रान्सिस यांनी शीळ घालावी अथवा वाजवून दाखवावे, जेम्स यांनी लिहून घ्यावे, लिहिलेले फिडलवर परत वाजवावे आणि चुकेल तेथे फ्रान्सिस यांनी थांबवावे, असे हे काम वर्षानुवर्षे चालले. आपणांस येत नाही ते दुसऱ्यास येते, हे कबूल करण्यास हुद्दा आड आला नाही. येथे आम्हास आमची आत्या आठवते. पहाटे जात्यावर बसली म्हणजे तिच्या ओव्या सरत नसत. आम्ही शाळेत चाळीस मुलांचे शुद्धलेखन तपाशीत होतो. परंतु तिची एकही ओवी आम्ही वहीत उतरवून घेतली नाही. ती गेली त्यास आता पुष्कळ वर्षे झाली.

१९०३ साली १८५० चालींचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला व १९०७ साली १००१ नृत्यचालींचा दुसरा. पुढे १९१० व १९१३ साली संगीत व वादकांविषयी गद्य ग्रंथही निघाले. त्यांतून द्रव्यलाभ असा झाला नाही. आयर्लंडच्या गावोगावचे वादक मात्र पुढे त्या चालींच्या ग्रंथांवरूनच शिकू लागले. गावातून परदेशी गेलेली चाल पुस्तकात बसून गावी परतली.

ग्रंथांच्या या धामधुमीतच, १९०४ साली, त्यांचा हयात राहिलेला एकुलता मुलगा रॉजर्स अठराव्या वर्षी मस्तिष्कज्वराने गेला. त्यापूर्वीही त्यांची कित्येक अपत्ये गेली होती. त्यानंतर त्या घरात वाद्य वाजेनासे झाले. ओनील यांनी संग्रहाचे काम सोडले नाही. ऐकावयास ते बाहेर जात.

१९३१ साली त्यांनी आपला ग्रंथसंग्रह नोत्रदाम विद्यापीठास दिला आणि १९३६ च्या जानेवारीत, ८७ व्या वर्षी, शिकागो येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांनी मेणाच्या नळ्यांवर काही वादकांचे वादन उतरवून ठेविले होते. त्यांपैकी काही नळ्या मिलवॉकी शहरी एका मित्राच्या कुटुंबाकडे राहिल्या होत्या. त्या एकविसाव्या शतकात उजेडात आल्या. खरखर पुष्कळ आहे, तरी सूर ओळखू येतात.