युकॉनतीरचे आर्चडीकन हडसन स्टक

उत्तर अमेरिकेच्या वायव्य टोकास अलास्का नावाचा जो अफाट मुलूख पसरला आहे, तो इ. स. १८६७ मध्ये अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी रशियाकडून विकत घेतला. खरेदीखत झाले तेव्हा देणाऱ्यास किंवा घेणाऱ्यास त्या मुलखाच्या अंतर्भागाची फारशी माहिती नव्हती. आणि तेथे पिढ्यानुपिढ्या नांदणाऱ्या लोकांस तर कोणी विचारलेही नाही. या मुलखाच्या मध्यातून युकॉन नदी वाहते. तिची लांबी सुमारे दोन हजार मैल. वर्षाचा निम्म्याहून अधिक काळ ती गोठलेली असते, व त्या दिवसांत तिची पाठ हाच त्या देशाचा राजरस्ता होतो. उत्तर ध्रुववृत्ताच्या किंचित पलीकडे, पॉर्क्युपाइन नदी युकॉनला मिळते तेथे फोर्ट युकॉन नावाचे एक खेडे आहे. हिवाळ्यात तेथील पारा फॅरनहाइट शून्याखाली कधी कधी साठ अंशांच्याही खाली उतरतो. ज्या पुरुषाचे चरित्र आम्ही आज वाचकांस सादर करीत आहो, त्याची समाधी याच खेड्यात, तेथील मूळ रहिवाशांच्या स्मशानभूमीत आहे. तो जन्माने लंडनचा. लंडनचा मनुष्य त्या लोकांमध्ये चिरनिद्रा घेण्यास कसा पात्र झाला, हेच या चरित्रात पाहण्यासारखे आहे.

हडसन स्टक यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८६३ रोजी झाला. लंडनच्या किंग्ज कॉलेजात शिक्षण घेऊन ते १८८५ साली नशीब काढण्यासाठी अमेरिकेतील टेक्सास प्रांतात गेले. तेथे त्यांनी गुरे राखली व खेड्यांतील शाळांत मास्तरकीही केली. पुढे सिवानी येथील विद्यापीठात धर्मशास्त्राचे अध्ययन करून १८९२ साली ते पदवीधर झाले, व एपिस्कोपल मंडळीत पाळकाची दीक्षा घेऊन १८९६ पासून डॅलस शहरातील सेंट मॅथ्यूज कॅथीड्रलचे डीन म्हणून काम पाहू लागले. तेथे त्यांनी मुलांसाठी शाळा काढली, गिरणीकामगारांसाठी रात्रीचे वर्ग चालविले, आणि लहान मुलांस गिरणीत राबविण्याविरुद्ध इतका कंठशोष केला की, १९०३ साली त्या प्रांतास तसा कायदा करावा लागला. प्रतिष्ठित शहर, उत्तम पद व लोकांत वजन, असे सर्व असता १९०४ मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, ते सोडून बिशप रो यांच्या हाताखाली ते अलास्कात दाखल झाले. युकॉनचे आर्चडीकन हा त्यांचा हुद्दा. परंतु त्या हुद्द्याखाली मोडणारा मुलूख कित्येक देशांहून मोठा, आणि रस्ता म्हणावा असा त्यात जवळजवळ नव्हताच.

उन्हाळ्यात ते पेलिकन नावाच्या लहानशा यंत्रनौकेतून नदीकाठची गावे घेत, आणि हिवाळ्यात कुत्र्यांच्या बिनचाकी गाडीबरोबर फिरत. 'गाडीतून' न म्हणता आम्ही मुद्दाम 'गाडीबरोबर' म्हणतो. गाडीत बसून चाबूक उडवीत जाणारा प्रवासी चित्रांत शोभतो; प्रत्यक्षात गाडीत अन्न, अंथरूण, तंबू व कुत्र्यांसाठी वाळविलेले सॅमन मासे भरलेले असत आणि माणसास पायीच जावे लागे. नवे हिम पडले की एकाने पुढे होऊन, लाकडी कडेत चामड्याच्या वादीची जाळी विणलेले रुंद स्नो-शू पायांस बांधून, कुत्र्यांसाठी वाट तुडवावी लागे. नुसत्या थंडीपेक्षा पाण्याचे भय अधिक. गोठलेल्या नदीचे पाणी दाबाने फुटून बर्फाच्या वर येते व ताज्या हिमाखाली दडून राहते. त्यात पाय भिजला तर त्याच क्षणी थांबून विस्तव पेटवावा लागतो. बोटे बधिर होण्यापूर्वी काडी ओढता आली नाही तर पाय गेला, व बहुधा मनुष्यही गेला. अशा रीतीने प्रत्येक हिवाळ्यात दीड-दोन हजार मैलांची फेरी करीत ते उपासना चालवीत, बाप्तिस्मे व विवाह लावीत, आजाऱ्यांची विचारपूस करीत. त्यांच्या एका ग्रंथाचे नावच कुत्र्यांच्या गाडीबरोबर केलेल्या दहा हजार मैलांवरून पडले आहे.

या भ्रमंतीतून त्यांस एक गोष्ट पटत गेली. बाहेरचे लोक ज्या प्रदेशास ओसाड रान म्हणत, तो ग्विचिन, कोयुकॉन आदी लोकांच्या लेखी भरलेला संसार होता. कॅरिबूंचे कळप कोणत्या खिंडीतून उतरतात, सॅमन कोणत्या पंधरवड्यात चढतात, कोणत्या ओढ्यावरचे बर्फ विश्वासू व कोणत्यावरचे दगाबाज, हे त्यांच्या पोरासोरांसही ठाऊक. सोन्याच्या शोधार्थ आलेल्यांची गावे दोन वर्षांत वसत व चौथ्या वर्षी ओस पडत. दारू विकून गबर होणारे गबर होऊन निघून जात. या दुसऱ्या वर्गावर स्टकसाहेबांचा विलक्षण राग असे, व तो बोलून दाखविण्यास ते कोणाची भीड धरीत नसत. देशाचे खरे मालक राहतील ते हेच मूळचे लोक, तेव्हा त्यांनी येथे टिकून राहावे अशी तजवीज करणे हेच मिशनचे काम, असे त्यांचे मत होते.

येथे आमच्या पालकवर्गाने थोडे लक्ष द्यावे अशी आमची विनंती आहे. कारण प्रश्न शाळेचा आहे. त्या काळी अनेक सद्धेतुक माणसांस वाटे की, मूळ रहिवाशांच्या मुलास शाळेत घातले म्हणजे त्याचा पोशाख, त्याची भाषा व त्याची शिकार सुटली पाहिजे. स्टकसाहेबांचे म्हणणे याच्या अगदी उलट होते. ज्यास वाचता येते पण सापळा लावता येत नाही, स्नो-शू विणता येत नाही, कुत्री हाकता येत नाहीत, असा मुलगा शाळेने निर्माण केला तर तिने त्यास त्याच्या देशात परका केला व दुसरा देश तर दिलाच नाही. आर्चडीकन मॅकडोनल्ड यांनी ग्विचिन लोकांच्या बोलीत बायबल व प्रार्थनासंग्रह उतरविले होते, त्याची स्टकसाहेबांस मोठी महती वाटे. ते स्वतः मात्र दुभाष्याच्या मुखानेच उपदेश करीत. त्यांच्या चरित्रातील ही उणीव झाकून ठेवण्याचे कारण नाही. शिवाय स्वभाव करारी व हुकमी, आणि ज्यांचे हित करावयाचे त्यांचे हित आपणांसच अधिक कळते असे मानण्याची त्या काळच्या साहेबलोकांची खोड त्यांच्यातही होती.

ही उणीव ज्याने भरून काढली तो वॉल्टर हार्पर. १८९३ साली जन्मलेल्या या मुलाचा बाप आयरिश, सोन्याच्या मागे भटकणारा. आई जेनी कोयुकॉन जमातीची. बाप लवकरच वारला. आईने आपल्या लोकांत, आपल्या भाषेत मुलास वाढविले. सोळाव्या वर्षी तो नेनाना येथील मिशनशाळेत आला, तेव्हा अक्षरओळख बेताची, परंतु रानातील विद्या पूर्ण झालेली. स्टकसाहेबांनी त्यास आपल्या प्रवासात घेतले. दिवसा तो कुत्री हाकी, नौकेचे यंत्र चालवी व उपदेशाचे भाषांतर करी. रात्री तंबूत स्टकसाहेब त्यास इतिहास व शेक्सपिअर शिकवीत. गुरू कोण व शिष्य कोण, हे प्रहराप्रहरास पालटत असे. सूर्यास्तानंतर वॉल्टरने चूक केली तर शुद्धलेखन बिघडे; दिवसा स्टकसाहेबांनी वॉल्टरचे न ऐकले तर प्राणावर बेतले असते.

आता त्या पर्वताविषयी. अलास्काच्या मध्यभागी उत्तर अमेरिकेतील सर्वांत उंच शिखर आहे. अलीकडील मोजणीप्रमाणे त्याची उंची २०,३१० फूट. कोयुकॉन लोक त्यास डेनाली, म्हणजे उंच असा तो, म्हणतात. १८९६ साली सोने शोधणाऱ्या एका गृहस्थाने त्यास, अध्यक्षपदासाठी उभे असलेल्या मॅकिन्ली यांचे नाव दिले, व नकाशांवर तेच चढले. मॅकिन्ली यांनी अलास्काचे तोंडही पाहिले नव्हते. १९१० मध्ये काही खाणवाले त्याच्या उत्तरेकडील, किंचित ठेंगण्या शिखरावर पोहोचले होते. मुख्य शिखर अजिंक्य होते.

१९१३ च्या मार्चमध्ये स्टकसाहेब नेनानाहून निघाले. बरोबर हॅरी कार्स्टेन्स हा रानात मुरलेला गडी, रॉबर्ट टेटम हा मिशनातील तरुण, वॉल्टर, आणि मिशनशाळेतील दोन मुले जॉन फ्रेडसन व इसायस जॉर्ज. इसायस कुत्र्यांच्या गाड्या घेऊन परत फिरला. जॉन पायथ्याच्या तळावर राहिला. चौघे हिमनदीवर चढले. तेथे निष्काळजीपणाने पडलेल्या एका जळत्या काडीने साखर, दुधाची भुकटी, सुका मेवा व तंबू स्वाहा केले. गाडीवर घालण्याच्या कापडाचे तंबू शिवून व पांघरुणाच्या अस्तराचे मोजे करून त्यांनी काम पुढे चालविले. पुढील धार १९१२ च्या भूकंपाने मोडून बर्फाच्या प्रचंड चिरफाळ्या झाली होती. कार्स्टेन्स व वॉल्टर यांनी कुऱ्हाडींनी त्यात पायऱ्या खोदल्या. त्यास सुमारे तीन आठवडे लागले.

७ जून रोजी पहाटे ते अखेरच्या चढणीस लागले. स्टकसाहेब एकोणपन्नास वर्षांचे होते. विरळ हवेत त्यांचा श्वास पुरेना. दिवसभर दोराच्या पुढील टोकास वॉल्टर होता, आणि शिखराच्या माथ्यावर पहिले पाऊल त्याचेच पडले. स्टकसाहेबांस शेवटचे काही हात इतरांनी ओढून घ्यावे लागले, व वर पोहोचताच त्यांस क्षणभर घेरी आली. शुद्धीवर येताच चौघांनी प्रथम ईश्वराचे आभार मानले, मग हवेचा दाब मोजला. टेटमने हातरुमालांचे शिवलेले निशाण फडकविले, एक लहान क्रूस उभा केला व ते देऊम् हे प्राचीन स्तोत्र म्हटले. आपल्या ग्रंथात स्टकसाहेबांनी निःसंदिग्धपणे लिहून ठेवले आहे की, अलास्काच्या माथ्यावर चढणारा पहिला मानव अलास्काचाच पुत्र होता, व तो मान त्याने स्वकष्टाने मिळविला. कार्स्टेन्स यांचे मात्र या कीर्तीच्या वाटणीवरून स्टकसाहेबांशी बिनसले, ते कायमचेच.

खाली तळावर जॉन फ्रेडसन एकतीस दिवस एकटा होता. त्याने कुत्री सांभाळली, शिकार केली, आणि आपल्या वाट्याची साखर चाखलीही नाही. वरून येणाऱ्यांस लागेल म्हणून राखून ठेवली. वरच्या मंडळींची साखर जळाली होती, हे त्यास कळण्याचा काही मार्गही नव्हता.

१९१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथाच्या आरंभीच, चढाईचा एक शब्दही सांगण्यापूर्वी, स्टकसाहेबांनी पर्वताच्या नावाची फिर्याद मांडली आहे. जे लोक हजारो वर्षे याच्या छायेत राहिले त्यांनी दिलेले नाव पुसून कोणा राजकारण्याचे चिकटविणे हा उद्धटपणा होय, असा त्यांचा अभिप्राय. शेजारच्या फोरेकर शिखरास तेथील लोक डेनालीची पत्नी म्हणतात, तेही त्यांनी नोंदविले. (आपल्याकडील हिमालयातील सर्वोच्च शिखर सर्व्हे खात्यातील एव्हरेस्टसाहेबांच्या नावाने जगास ठाऊक आहे, ही गोष्ट वाचकांस येथे आठवल्यावाचून राहणार नाही.) सरकारने त्यांचे ऐकले नाही. अलास्का संस्थानाने १९७५ मध्ये व वॉशिंग्टन सरकारने २०१५ मध्ये डेनाली हे नाव मान्य केले; २०२५ च्या जानेवारीत पुन्हा मॅकिन्ली या नावाचा हुकूम निघाला.

वॉल्टर पुढे मॅसॅच्युसेट्स प्रांतातील माउंट हर्मन शाळेत शिकून आला. १९१७-१८ च्या हिवाळ्यात गुरुशिष्यांनी उत्तर महासागराच्या किनाऱ्याने मोठी फेरी केली. त्यापूर्वी तो विषमज्वराने आजारी असता फ्रान्सेस वेल्स या परिचारिकेने त्याची शुश्रूषा केली होती. सप्टेंबर १९१८ मध्ये स्टकसाहेबांनी त्यांचा विवाह लावला. वॉल्टरने फिलाडेल्फियास जाऊन वैद्यक शिकावे व डॉक्टर होऊन आपल्या लोकांत परतावे, असा बेत होता. उभयता प्रिन्सेस सोफिया या आगबोटीवर चढली. बोट जूनो बंदराजवळ खडकावर आदळून रुतली, आणि २५ ऑक्टोबर रोजी वादळात बुडाली. तीनशे चाळीसांहून अधिक माणसांपैकी एकही वाचले नाही. वॉल्टर पंचवीस वर्षांचा होता.

या आघातानंतर स्टकसाहेब दोनच वर्षे जगले. परंतु ती त्यांनी शोकात काढली नाहीत. १९१८ साली युकॉनच्या मुखाशी मासे डबाबंद करण्याचा कारखाना निघाला, आणि पुढल्याच वर्षी नदीच्या वरच्या अंगास सॅमन चढेनासे झाले. मासे नाहीत म्हणजे हिवाळ्यात कुत्र्यांस अन्न नाही. कुत्री नाहीत म्हणजे शिकार नाही, सरपण नाही. स्टकसाहेबांनी हा हिशेब सरकारपुढे मांडून कारखान्याविरुद्ध रान उठविले. नदीमुखावरील त्या मासेमारीस बंदी झाली ती त्यांच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी. १० ऑक्टोबर १९२० रोजी फोर्ट युकॉन येथे न्युमोनियाने त्यांचा अंत झाला. गोऱ्यांच्या स्मशानात न नेता मला येथील लोकांत पुरावे, ही त्यांची इच्छा पूर्ण करण्यात आली.

साखर राखून ठेवणारा जॉन फ्रेडसन पुढे सिवानी येथे, म्हणजे स्टकसाहेबांच्याच विद्यापीठात शिकला. १९२३ च्या उन्हाळ्यात भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर यांस त्याने ग्विचिन बोलीतील कथा सांगितल्या, त्या सपीर यांनी लिहून घेतल्या. १९३० साली तो पदवीधर झाला. अलास्काच्या मूळ रहिवाशांत हा मान प्रथम त्याने मिळविला. त्यास बाहेर कोठेही राहता आले असते. तो परतला, व व्हेनिटाय गावी शिक्षक झाला. तेथील लोकांची शिकारीची व माशांची भूमी त्यांच्याच नावे राहावी म्हणून त्याने वर्षानुवर्षे अर्जविनंत्या केल्या, आणि १९४३ साली सुमारे चौदा लक्ष एकर जमीन सरकारने त्यांच्यासाठी राखून दिली. पुढे दोन वर्षांनी तो वारला.