रमाबाईंची न सरणारी शिदोरी

मैत्रिणींनो, ‘मी नसले तर या घराचं कसं होणार?’ हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकीच्या तोंडी कधी ना कधी येतंच. सगळा भार आपल्याच डोक्यावर, असं वाटून जीव मेटाकुटीला येतो. अशा वेळी मला पंडिता रमाबाई आठवतात. कर्तृत्व डोंगराएवढं, पण भार टाकला तो देवावर!

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं आणि आईने, लक्ष्मीबाईंनी, ते रमेला दिलं. पुराणं सांगत हे कुटुंब गावोगाव फिरे. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण तिघंही गेली. रमा आणि भाऊ श्रीनिवास पायपीट करत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी तिची विद्या पाहून तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. पण १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं आणि १८८२ मध्ये तेही गेले. पदरात तान्ही मनोरमा!

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे अमेरिकेतल्या हितचिंतकांनी दहा वर्षं मदतीचं वचन दिलं आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झालं. नंतर ते पुण्याला आलं. नाव झालं, संस्था उभी राहिली. पण याच काळात रमाबाईंना एक गोष्ट टोचू लागली. आपण धर्म धरला तो बुद्धीने, देव मात्र अजून मनात उतरलेला नाही! एवढ्या विदुषीने स्वतःशीच हे कबूल करायचं, म्हणजे केवढी गोष्ट! तिथून त्यांची प्रार्थना खरी सुरू झाली.

परीक्षाही लगेच आली. सदनातल्या मुली ख्रिस्ती होतील म्हणून १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठलं. रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, पालक मुलींना घेऊन गेले. रमाबाई खचल्या नाहीत.

अमेरिकेची मदत १८९८ पर्यंतच होती. पुढची सोय म्हणून त्यांनी केडगावला माळरान घेतलं, फळबाग लावली. हिशोब अगदी चोख. पण १८९६-९७ चा दुष्काळ पडला. लहानपणी उपासमार भोगलेल्या रमाबाईंना राहवेना. त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो अनाथ मुली आणि विधवा आणल्या. कुठली बाग आणि कुठला हिशोब! गाठीला ठेव नाही, रोज खाणारी तोंडं वाढतायत. १९०० च्या सुमारास ‘मुक्ती’त जवळपास दोन हजार जणी होत्या. सगळ्यांची भिस्त प्रार्थनेवर. म्हणून कुणी हात जोडून बसलं नाही हं! माग चालले, तेलाचा घाणा फिरला, छापखाना सुरू झाला, अंध बायका ब्रेल शिकल्या.

वय झालं तरी रमाबाईंनी मनाला गंज चढू दिला नाही. साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल आणायचं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, वर्षानुवर्षं भाषांतर करत राहिल्या. छपाईही मुक्तीतल्या बायकांच्याच हातची.

१९२१ मध्ये मनोरमा गेली. आईचा उजवा हात, संस्थेची वारस. इथे कुणीही कोलमडलं असतं. स्वतःच्या बळावर उभ्या असत्या तर रमाबाईही कोलमडल्या असत्या. त्या मात्र पुन्हा कामाला बसल्या. भाषांतर पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ ला शांतपणे निघून गेल्या.

केडगावची मुक्ती त्यांच्यानंतरही चालू राहिली. मैत्रिणींनो, तुमचा देव कोणताही असो. हात कामात ठेवावेत, काळजी मात्र त्याच्या पायाशी ठेवावी. रोज थोडा वेळ त्याच्यापाशी बसल्याशिवाय ते जमत नाही, एवढं रमाबाईंकडून शिकलो तरी पुष्कळ.