फ्लाहर्टी आणि त्यांचा नानूक

चित्रगृहांत मुख्य चित्रपटापूर्वी फिल्म्स डिव्हिजनचे अनुबोधपट दाखवले जात, तेव्हा शेंगदाण्यांच्या पुड्या घेत बाहेर रेंगाळणारे प्रेक्षक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. खरे सांगायचे तर त्यांत आम्हीही असू. जिवंत माणसांचे जिणे हाच ज्याचा विषय, अशा चित्रपटाने एकदा मात्र जगाला वेड लावले होते. ११ जून १९२२ रोजी न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शित झालेला 'नानूक ऑफ द नॉर्थ' हा तो चित्रपट. त्याचे कर्ते रॉबर्ट फ्लाहर्टी यांना अनुबोधपटाचे जनक म्हणण्याचा प्रघात आहे आणि तो योग्यही आहे. परंतु जनकत्वासोबत येणारी जबाबदारी त्यांनी कितपत पाळली, हा प्रश्न त्यांचे चरित्र चाळताना आम्हांला टोचत राहतो.

१६ फेब्रुवारी १८८४ रोजी अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, आयर्न माउंटन येथे त्यांचा जन्म झाला. लोखंडाच्या खाणींवर जगणारी गावे आमच्या वाचकांना नवी नाहीत. हे गाव त्याच जातीचे. वडिलांच्या मागोमाग रॉबर्टही खनिजशोधाच्या व्यवसायात शिरले आणि त्या निमित्ताने कॅनडाच्या उत्तरेकडील हडसन उपसागराच्या हिमप्रदेशात पोचले. १९१३ साली त्यांनी सोबत कॅमेरा घेतला तो केवळ प्रवासाची नोंद म्हणून. १९१६ मध्ये टोरांटो येथे त्यांच्याच हातातल्या सिगारेटने पेट घेतला आणि सुमारे ३० हजार फूट फीत जळून गेली. दुसरा कोणी खचला असता. फ्लाहर्टींना मात्र उमगले की जळाले ते नुसते विखुरलेले देखावे होते. आता एका माणसाचे, एका कुटुंबाचे जगणे टिपायचे.

फराचा व्यापार करणाऱ्या एका कंपनीने पैसा दिला आणि १९२० साली ते पुन्हा उत्तरेला गेले. ज्यांना तेव्हा एस्किमो म्हणत, त्या इन्युइट लोकांपैकी अल्लाकारिआल्लाक नावाच्या कसबी शिकाऱ्याला त्यांनी नायक केले आणि त्याला 'नानूक', म्हणजे अस्वल, हे नाव दिले. गोठलेल्या नदीला भोक पाडून पाणी आणायचे, तेथेच फीत धुवायची आणि ज्यांचे चित्रण केले त्यांनाच ती दाखवायची, असा हा उद्योग. ही माणसे निव्वळ पात्रे नव्हती, ती कामातली सोबती होती. आम्हांला फ्लाहर्टी मोठे वाटतात ते येथे.

आणि खोटेपणाही येथेच शिरला. बंदूक इन्युइटांच्या हाती केव्हाच आली होती, तरी शिकार भाल्यानेच करायची, असा आग्रह झाला. बर्फाच्या घरात उजेड नाही म्हणून अर्धेच घर उभारले आणि त्या उघड्या थंडीत कुटुंबाला निजण्याचा अभिनय करावा लागला. पडद्यावरची बायकोही नानूकची खरी बायको नव्हती. चित्रपट गाजला, नायक मात्र थोड्याच काळात वारला. तो भुकेने मेला, असे फ्लाहर्टी सांगत राहिले. पुढच्या संशोधकांचा कल क्षयरोगाकडे आहे. मृत्यूलाही कथेत बसवून घेण्याची ही हौस आम्हांला रुचत नाही.

हीच रीत पुढे चालली. सामोआ बेटावरील 'मोआना' १९२६ साली आला. आयर्लंडच्या पश्चिमेकडील बेटांवर त्यांनी 'मॅन ऑफ आरान' (१९३४) केला, तेव्हा तेथील कोळी प्रचंड शार्क माशांची शिकार विसरून कित्येक दशके लोटली होती. ती त्यांना नव्याने शिकवून भर लाटांत होड्या घालायला लावल्या. दर्यावर पोट असलेल्या माणसाला हे चित्र पाहताना थरार वाटेल, पण त्यामागचा जिवाचा धोकाही तोच ओळखील. त्यानंतर 'एलिफंट बॉय'साठी ते म्हैसूरला आले. महाराजांच्या हत्तीखान्यातला साबू हा माहुताचा मुलगा त्या चित्रपटाने १९३७ साली जगप्रसिद्ध केला. त्याचे उर्वरित आयुष्य लंडन-हॉलिवूडकडे वळले आणि अवघ्या ३९ व्या वर्षी संपले. तेलकंपनीच्या पैशावर केलेला 'लुइझियाना स्टोरी' (१९४८) हा फ्लाहर्टींचा शेवटचा मोठा चित्रपट. २३ जुलै १९५१ रोजी ते निवर्तले.

'नानूक'मध्ये काम केलेल्या एका इन्युइट स्त्रीला फ्लाहर्टींपासून मुलगा झाला होता. ते निघून गेल्यावर तो जन्मला. त्यांनी त्याला कधी आपला म्हटले नाही. कॅनडा सरकारने १९५३ पासून त्या वस्तीतील कुटुंबे दोन हजार किलोमीटर उत्तरेला, महिनोन्‌महिने सूर्य न दिसणाऱ्या बेटांवर नेऊन टाकली. शिकार मुबलक मिळेल, परतही येता येईल, अशी आश्वासने त्यांना दिली होती. ती पाळली गेली नाहीत. १९५५ साली हा मुलगाही बायकामुलांसह तेथे गेला. सरकारने माफी मागितली ती २०१० साली. तोवर तो हयात नव्हता, आणि ज्या पित्याचे आडनाव त्याने लावले, त्याची भेट त्याला कधीच झाली नव्हती.