वकिलीपेक्षा शाळा मोठी मानणारे भाई कोतवाल कोण होते?

बारावीनंतरचे प्रवेश अर्ज, फी, शिष्यवृत्ती ही जुळवाजुळव कर्जत-खालापुरातल्या घरांना आजही घाम फोडते. महाडीबीटी वगैरे काहीच नव्हते, तेव्हा माथेरानचा एक गरीब मुलगा वकील झाला.

विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी नाभिक कुटुंबात झाला. पुढच्या शिक्षणासाठी ते पुण्यात नातलगांकडे राहिले. हीच त्यांची शिष्यवृत्ती म्हणायची!

वकिलीत पैसा होता. भाई मात्र कर्जतच्या शेतकऱ्यांत रमले. त्यांच्या मुलांसाठी त्यांनी स्वयंसेवी शाळा काढल्या. पण पावसाळ्यात कणगी रिकामी झाली की शेतकरी सावकाराच्या दारात उभा राहायचा. अशा घरातले पोर शाळेत किती दिवस टिकणार? म्हणून भाईंनी धान्यकोठ्या सुरू केल्या. अडीनडीला तिथून धान्य मिळे. शाळेइतकीच ही कोठी महत्त्वाची होती.

१९४२च्या आंदोलनात त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात भाई आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. भाई तेव्हा अवघे ३० वर्षांचे होते.