महात्मा गांधींची युक्ताहार-साधना

श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानयोगाचे निरूपण करताना भगवंतांनी आसन व एकांत यांच्याबरोबरच आहार, विहार, निद्रा आणि जागृती यांचाही विचार सांगितला आहे. अतिभोजन करणाऱ्यास योग साधत नाही, तसाच अन्नाचा सर्वस्वी त्याग करणाऱ्यासही तो साधत नाही, असा त्या उपदेशाचा आशय आहे. यातील पहिला भाग सर्वांसच पटतो. दुसरा भाग मात्र धर्मनिष्ठ मनुष्याच्या ध्यानातून पुष्कळदा निसटतो. त्याग जितका कठोर तितकी साधना श्रेष्ठ, असे त्यास वाटू लागते. आणि ज्या जिव्हेस आपण जिंकले असे तो मानतो, तीच एखाद्या दिवशी त्यास फसविते. महात्मा गांधींच्या चरित्रात हा अनुभव स्पष्ट दिसून येतो. तो त्यांनी स्वतःच जगापुढे मांडला, यातच त्याचे खरे मोल आहे.

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी सौराष्ट्रातील पोरबंदर येथे एका वैष्णव कुटुंबात झाला. त्यांच्या मातोश्री पुतळीबाई अत्यंत व्रतनिष्ठ होत्या. एका चातुर्मासात सूर्यदर्शन झाल्यावाचून अन्न घ्यावयाचे नाही, असा त्यांचा नियम होता. पावसाळ्याच्या दिवसांत मुले आकाशाकडे डोळे लावून अंगणात उभी राहत आणि सूर्य दिसताच आईला हाक मारीत. आई बाहेर येईपर्यंत सूर्य पुन्हा ढगाआड गेलेला असे. तेव्हा आज अन्न घ्यावे अशी ईश्वराची इच्छा नाही, असे म्हणून ती माउली प्रसन्न चित्ताने आपल्या कामाला लागे. व्रत कसे पाळावे, याचा पहिला पाठ गांधीजींना असा घरातच मिळाला.

तथापि बाळपणीच ते एकदा मार्गच्युत झाले. मांस खाल्ल्याने मनुष्य बलवान होतो, असे एका मित्राने त्यांच्या मनावर बिंबविले आणि घरच्यांस न कळत त्यांनी काही वेळा मांस सेवन केले. त्या दिवशी घरी जेवावयाचे नसल्याने आईस खोटे कारण सांगावे लागे. हे असत्य त्यांना असह्य झाले आणि आईवडील हयात असेतो मांसास स्पर्श करावयाचा नाही, असा त्यांनी निश्चय केला. त्यांना मागे फिरविले ते सत्याने, प्रकृतीच्या विचाराने नव्हे, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावी.

१८८८ साली बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस निघताना त्यांनी आईसमक्ष मद्य, मांस व परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा केली. लंडनमध्ये आरंभी त्यांची फार उपासमार झाली. निरामिष भोजनालयाच्या शोधात ते दररोज दहा-बारा मैल पायी हिंडत. अखेर फॅरिंग्डन स्ट्रीटवर तसे एक भोजनालय सापडले, तेव्हा विलायतेस आल्यापासून प्रथमच ते पोटभर जेवले. तेथे विकत घेतलेल्या एका पुस्तकाच्या वाचनाने, जी गोष्ट ते केवळ वचनासाठी पाळीत होते, ती आता विचाराने त्यांची स्वतःची झाली. घरून येणारी मिठाई व मसाले त्यांनी बंद केले. नुसती उकडलेली भाजीही त्यांना गोड लागू लागली आणि रसाचे खरे स्थान जिव्हा नसून मन आहे, हे त्यांनी ओळखले.

याच काळात अंड्यांविषयी प्रश्न उद्भवला. अंडी म्हणजे मांस नव्हे, असा तेथील कित्येक निरामिषाहारी लोकांचा पक्ष होता. त्यावर विसंबून गांधीजींनी काही दिवस अंडी घेतली. परंतु लवकरच त्यांनी स्वतःस विचारले की, आईने मांस या शब्दाचा कोणता अर्थ मनात धरून प्रतिज्ञा करविली होती. त्या अर्थात अंडी निःसंशय येत होती. प्रतिज्ञा देणाऱ्याने जो अर्थ सरळ मनाने धरला असेल तोच प्रमाण मानावा, आपल्या सोयीचा अर्थ काढू नये, हे तत्त्व त्यांना मान्य होते. त्यांनी अंडी तत्काळ वर्ज्य केली. पुढे तीस वर्षांनी याच तत्त्वाने त्यांची फार कठीण परीक्षा पाहिली.

गीतेशी त्यांचा परिचयही लंडनमध्येच, १८८९ साली झाला. दोघा थिऑसॉफिस्ट बंधूंनी आपल्याबरोबर गीतेचा इंग्रजी अनुवाद वाचण्यास त्यांना बोलाविले. आपण हा ग्रंथ ना संस्कृतात वाचला ना गुजरातीत, याची त्यांना लाज वाटली. विषयांच्या चिंतनापासून आसक्ती, आसक्तीपासून काम आणि शेवटी सर्वनाश, ही दुसऱ्या अध्यायातील परंपरा त्यांच्या अंतःकरणात खोल रुजली. पुढे दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्ग येथे वकिली करीत असताना, १९०३ च्या सुमारास, त्यांनी गीता मुखोद्गत करण्याचे ठरविले. दिवसभर कामाची गर्दी असे. म्हणून प्रातःकाळी दंतधावनास लागणारी पंधरा मिनिटे आणि स्नानास लागणारी वीस मिनिटे त्यांनी या अभ्यासास दिली. समोरच्या भिंतीवर श्लोक लिहिलेले कागद चिकटवून, उभ्याने दात घासताना ते पाठ करावयाचे आणि स्नानाच्या वेळी त्यांची आवृत्ती करावयाची, अशा क्रमाने तेरा अध्याय त्यांना मुखोद्गत झाले. वेळ मिळत नाही म्हणून पाठ होत नाही, असे म्हणणाऱ्या संसारी मनुष्याने हे उदाहरण अवश्य ध्यानी धरावे.

त्या काळात त्यांना मलावरोध व डोकेदुखी यांचा त्रास होता. सकाळची न्याहारी सोडताच डोकेदुखी थांबली. पोटावर ओल्या मातीची पट्टी बांधल्याने मलावरोधही कमी झाला. यावरून साध्या उपचारांवर त्यांची श्रद्धा जडली. कस्तुरबांना रक्तस्रावाचा विकार जडला असता मीठ व डाळी सोडून पाहा, असा त्यांनी आग्रह धरला. हे पदार्थ तर तुम्हांसही सोडवणार नाहीत, असे कस्तुरबा सहज बोलून गेल्या. गांधीजींनी त्याच क्षणी एक वर्षापुरते दोन्ही पदार्थ स्वतः सोडले. कस्तुरबांनी अश्रू ढाळले, विनवण्या केल्या, पण ते ढळले नाहीत. त्यांच्या स्वभावातील तेज आणि हट्ट या दोहोंचे दर्शन या प्रसंगी एकदमच घडते.

शरीरशुद्धीइतकाच परिसरशुद्धीचाही त्यांना ध्यास होता. १८९६ साली प्लेगच्या भीतीने राजकोट येथे शौचकूप तपासण्यासाठी समिती नेमण्यात आली, तीत ते होते. श्रीमंतांच्या घरचे शौचकूप अतिशय घाणेरडे आढळले, वैष्णव हवेलीतही अस्वच्छता दिसली; उलट ज्यांना समाज अस्पृश्य लेखीत होता त्यांची घरे झाडून-सारवून निर्मळ होती. १९०१ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये स्वयंसेवक ज्या कामास शिवेनात, ते मलशुद्धीचे काम त्यांनी स्वतः झाडू घेऊन केले. १९१७ साली चंपारणात सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे डॉ. देव सहा महिन्यांसाठी त्यांच्या साह्यास आले. तेथे एरंडेल तेल, क्विनीन आणि गंधकाचे मलम एवढ्या तीनच औषधांवर खेड्यांतील रुग्णसेवा चाले. मुख्य भर विहिरी, रस्ते व अंगणे यांच्या स्वच्छतेवर असे. शौचाचा आव आणून सभोवारची घाण तशीच ठेवणे हा धर्म नव्हे, हे त्यांनी असे कृतीने दाखविले.

आता मुख्य प्रसंगाकडे वळू. दूध विकारांस पोषक आहे, हा विचार गांधीजींच्या मनात श्रीमद् राजचंद्र यांच्यामुळे आला होता. अधिक दूध काढण्यासाठी गाई-म्हशींचा केला जाणारा छळ त्यांच्या वाचनात आला, तेव्हा १९१२ साली दक्षिण आफ्रिकेतील टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी दुधाचा त्याग केला. १९१४ साली लंडनमध्ये त्यांना फुफ्फुसाच्या आवरणाचा दाह झाला. ज्यांना ते गुरुस्थानी मानीत, त्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी दूध घेण्याचा आग्रह केला. गांधीजींनी एक रात्र विचारास मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी नम्रपणे असमर्थता कळविली. १९१५ साली हरिद्वारच्या कुंभमेळ्यात त्यांनी आणखी एक व्रत घेतले. चोवीस तासांत पाचांहून अधिक पदार्थ सेवन करावयाचे नाहीत आणि सूर्यास्तानंतर काही खावयाचे नाही, असा हा नियम होता. आजारपणाचाही अपवाद त्यांनी ठेवला नाही.

असा हा व्रतस्थ पुरुष १९१८ च्या पावसाळ्यात खेडा जिल्ह्यात फौजभरतीच्या कामासाठी पायी हिंडत होता. त्या वेळी भाजलेल्या शेंगदाण्यांचे वाटण आणि लिंबू हाच त्यांचा मुख्य आहार होता. ते वाटण प्रमाणाबाहेर जात आहे हे कळत असूनही ते खात राहिले आणि पोट बिघडले. साबरमती आश्रमात आल्यावर एक-दोन वेळचे जेवण टाळले असते तर प्रकृती सावरली असती, हेही त्यांना ठाऊक होते. परंतु त्या दिवशी सण होता. कस्तुरबांनी त्यांच्यासाठी मुद्दाम तेलात केलेली गोड लापशी आणि वाटीभर मूग तयार ठेवले होते. पत्नीच्या समाधानापुरते दोन घास घ्यावेत म्हणून ते पानावर बसले आणि जिव्हेच्या अधीन होऊन पोटभर जेवले. तासाभरातच तीव्र आमांशाने त्यांना गाठले.

त्याच सायंकाळी नडियादला जावयाचे होते. सव्वा मैलावरील स्थानक त्यांनी कसेबसे गाठले. नडियादच्या हिंदू अनाथाश्रमात पोहोचल्यावर चोवीस तासांत तीस-चाळीस वेळा शौचास जावे लागले. त्यांनी अन्न वर्ज्य केले, औषध नाकारले आणि इंजेक्शनही घेतले नाही. सुचविलेले इंजेक्शन वनस्पतिजन्य होते, हे त्यांना पुढे कळले आणि आपल्या त्या वेळच्या अज्ञानाबद्दल त्यांनी स्वतःचाच उपहास केला. ज्वर वाढला, भ्रम होऊ लागला. अंबालाल साराभाई यांनी त्यांना अहमदाबादला आपल्या बंगल्यात नेले. तेथून ते आग्रहाने आश्रमात परतले. एका रात्री तर आपला अंतकाळ समीप आला, अशी त्यांची खात्री झाली होती.

केळकर नावाच्या गृहस्थांच्या बर्फाच्या उपचाराने थोडी शक्ती आली. पण पुढे मुळव्याधीच्या वेदनांनी ते जर्जर झाले. १९१९ च्या आरंभी मुंबईत डॉ. दलाल यांनी त्यांना तपासले. दुधाशिवाय हे शरीर पुन्हा उभे राहणार नाही, असा त्यांचा स्पष्ट अभिप्राय पडला. गांधीजींनी आपले व्रत सांगितले. तेव्हा शेजारी असलेल्या कस्तुरबांनी सुचविले की, व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस होती. मग शेळीच्या दुधास आडकाठी कोणती? डॉक्टरांनी ते उचलून धरले. त्याच वेळी रौलट कायद्याविरुद्ध लढा उभारावयाचा होता. त्या कार्यासाठी जगण्याची इच्छा गांधीजींच्या मनात प्रबळ झाली होती. त्यांनी शेळीचे दूध स्वीकारले. शस्त्रक्रिया झाली आणि प्रकृती हळूहळू सुधारली.

सामान्य मनुष्याने येथे सुटकेचा निःश्वास टाकून विषय संपविला असता. गांधीजींनी तसे केले नाही. लंडनमध्ये ज्या तत्त्वाने त्यांनी अंडी सोडली होती, त्याच तत्त्वाने त्यांनी आपला न्याय केला. व्रताचे अक्षर राहिले, पण व्रताचा प्राण गेला, असे त्यांनी आत्मकथेत निःसंकोच कबूल केले आणि ते शल्य आपल्या मनात कायम असल्याचेही सांगितले. १९२९ साली त्यांनी न शिजविलेल्या अन्नाचा प्रयोग आरंभिला. प्रकृती बिघडल्यावर पुन्हा शेळीच्या दुधाकडे वळावे लागले, हेही त्यांनी आपल्या साप्ताहिकातून प्रसिद्ध केले. याच वर्षी कौसानी येथे त्यांनी आपला गीतेचा गुजराती अनुवाद ‘अनासक्तियोग’ पूर्ण केला होता.

वय वाढले तसा त्यांचा आग्रह सौम्य होत गेला. १९२४ साली येरवड्याच्या कारावासात आंत्रपुच्छाचा दाह झाला, तेव्हा पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांनी इंग्रज शल्यवैद्याच्या हाती स्वतःस निःशंकपणे सोपविले. १९४२ साली पुण्याच्या आगाखान महालात बंदिवान असताना त्यांनी आरोग्याविषयी एक लहानसे पुस्तक लिहिले. शाकाहारी मनुष्याचे दुधावाचून चालणे कठीण आहे, हा आपला अनुभव त्यात त्यांनी मान्य केला. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून मिळत नाही आणि मांस-अंडी न खाणाऱ्यास ते मुख्यतः दुधातून मिळते, हे शास्त्रास कळले ते नंतर. ते जीवनसत्त्व १९४८ साली वेगळे काढण्यात आले. त्याच वर्षी ३० जानेवारीस दिल्लीत प्रार्थनेस जात असताना गांधीजींची हत्या झाली.

या चरित्रातून गृहस्थाने काय घ्यावे? त्यांच्या उपवासांचे किंवा औषधत्यागाचे अंधानुकरण करू नये. अतिसारात शरीरातील पाणी व क्षार झपाट्याने कमी होतात. मीठ-साखरेचे पाणी व वैद्याचा सल्ला वेळीच घेणे हाच त्यावर विवेकाचा मार्ग आहे. घ्यावयाची ती त्यांची जागरूकता. पानावर बसताना आपण भुकेसाठी खातो की जिव्हेसाठी, हे स्वतःस विचारावे. प्रेमाच्या आग्रहासही प्रसंगी नम्रपणे नाही म्हणावे. आणि नियम मोडलाच, तर त्यास सोयीच्या अर्थाचे पांघरूण न घालता तो मोडला असे मान्य करून पुन्हा सावध व्हावे. देह हे भगवंतांनी सेवेसाठी दिलेले साधन आहे. त्यास लाडावू नये आणि छळूही नये. नित्याच्या जेवणात, स्नानात व निद्रेत एवढी सावधता राहिली, तर सहाव्या अध्यायातील उपदेश आपल्याही घरी आचरणात येईल.