कापूर उडाल्यावर

जुने अमेरिकन खिशातले चाकू जमवणाऱ्या हौशी माणसाच्या वाट्याला एक अनुभव कधी ना कधी येतोच. बरेच दिवस बंद असलेला ड्रॉवर उघडावा, तर नाकाला झोंबणारा आंबूस वास येतो. एका चाकूची मूठ भेगाळून खडीसाखरेसारखी झालेली असते. खालच्या पितळी पट्टीवर हिरवा थर चढलेला असतो. आणि नवल म्हणजे शेजारी पडलेल्या, हाडाची मूठ असलेल्या चांगल्या चाकूंची पातीही तांबेरलेली असतात. हा सेल्युलॉइडचा रोग. हे सेल्युलॉइड ज्याने जगाच्या हाती दिले, त्या जॉन वेस्ली हायटचे १८६१ मधले पहिले पेटंट चाकूला धार लावण्याच्या साधनाचे होते, हा योगायोग मोठा विलक्षण आहे.

हायट जन्मला २८ नोव्हेंबर १८३७ रोजी, न्यूयॉर्क राज्यातल्या स्टार्की या गावी. बाप लोहार. शिक्षण बेताचेच झाले आणि सोळाव्या वर्षी पोरगा इलिनॉयला जाऊन छापखान्यात लागला. पुढे तो ऑल्बनीला आला, तोही छपाईच्याच कामावर. त्या काळी अमेरिकेत बिलियर्डचे वेड होते आणि चेंडू हस्तिदंताचे असत. हस्तिदंत महाग होत चालले, तेव्हा न्यूयॉर्कच्या एका बिलियर्ड कंपनीने पर्याय शोधणाऱ्याला दहा हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केले. हायट दिवसा खिळे जुळवी आणि रात्री व रविवारी या चेंडूंच्या मागे लागे.

छापखान्यातले लोक बोटे खरचटू नयेत म्हणून त्यांवर कलोडियनचा पातळ लेप लावत. एकदा त्याची बाटली लवंडली आणि वाळलेला पापुद्रा हायटच्या हाती आला. येथून सगळे सुरू झाले. कलोडियन म्हणजे नायट्रिक आम्लात मुरवलेल्या कापसाचे द्रावण, बंदुकीच्या कापसाचे सख्खे भावंडच. त्याचा लेप दिलेले पहिले चेंडू एकमेकांवर जोरात आपटले की बारासा आवाज होई. कोलोरॅडोतल्या एका गुत्तेवाल्याने हायटला कळवले होते म्हणे, की चेंडूला त्याची हरकत नाही, पण आवाज झाला की खोलीतला प्रत्येकजण पिस्तूल उपसतो!

खरी किल्ली सापडली ती कापरात. नायट्रेट केलेला कापूस आणि कापूर एकत्र करून उष्णता व दाब दिला की कापूर विरघळवण्याचे काम करतो आणि हवा तसा साचा घेणारे द्रव्य तयार होते. जॉन आणि त्याचा भाऊ आयझाया यांनी याचे पेटंट १८७० मध्ये घेतले. सेल्युलॉइड हे नाव आयझायाचे. आधी दातांच्या कवळ्या निघाल्या. त्यांना कापराची चव येई आणि गरम पदार्थाने त्या वाकत. मग कारखाना न्यूअर्कला हलला आणि कंगवे, कॉलर, पियानोच्या पट्ट्या, चाकूच्या मुठी असा पसारा वाढला. हस्तिदंत, कासवाची पाठ, शिंग, मोती, वाटेल त्याचे सोंग हे द्रव्य घेई.

इंग्लंडच्या अलेक्झांडर पार्क्सने असेच द्रव्य १८६२ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात मांडले होते. त्याचा सहकारी डॅनियल स्पिल याने हायटबंधूंना कोर्टात खेचले. १८८४ मध्ये निकाल लागला तो असा, की मूळ कल्पना पार्क्सची, त्यामुळे स्पिलचा दावा टिकत नाही. पण पार्क्सची कंपनी केव्हाच बुडाली होती आणि हायटची चालत होती. श्रेयाचा हिशेब कोर्टात लागतो, बाजारात नाही.

चाकूकडे येऊ. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकन कारखान्यांनी सेल्युलॉइडच्या रंगीबेरंगी मुठी मोठ्या प्रमाणावर लावल्या. ओहायोतल्या कँटन गावी तर पारदर्शक मुठीखाली छायाचित्र बसवलेले चाकू निघत. कुणाची प्रेयसी, कुणाचा राष्ट्राध्यक्ष, कुणाचे स्वतःचेच नाव.

आपल्याकडे देवघरातल्या कापराच्या डबीत चार मिरे टाकतात, कारण कापूर उडून जातो हे आजीलाही ठाऊक असते. सेल्युलॉइडमधलाही तसाच उडतो, फक्त दशके लावून. मूठ आक्रसते, रिव्हेटी तिला हलू देत नाहीत, म्हणून भेगा तिथूनच फुटतात. दुसरीकडे नायट्रेटचे बंध तुटून नायट्रोजनचे ऑक्साइड बाहेर पडतात. हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्यांचे आम्ल होते आणि हे आम्ल उरलेल्या मुठीचे विघटन आणखी वेगाने करते. बंद डबीत वायू कोंडला की रोग शेजाऱ्यालाही लागतो. पारदर्शक आणि कासवाच्या पाठीसारख्या मुठी सर्वांत आधी जातात. हस्तिदंती पांढऱ्यात झिंक ऑक्साइड घातलेले असते, ते आम्ल शोषते, म्हणून ती पुष्कळ टिकते.

चित्रपटाची जुनी फिल्म याच कुळातली. फाळक्यांचा १९१३चा 'राजा हरिश्चंद्र' आज पूर्ण पाहायला मिळत नाही आणि पुण्यात जानेवारी २००३ मध्ये नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली, तेव्हा किती काय गेले हे मराठी रसिकाला वेगळे सांगायला नको.

हायटने पुढे पाणी गाळण्याची यंत्रे काढली, उसाचा चरक काढला, रोलर बेअरिंग काढले. तो बेअरिंगचा कारखाना सांभाळणारा तरुण आल्फ्रेड स्लोन पुढे जनरल मोटर्सचा सर्वेसर्वा झाला. दोनशेहून अधिक पेटंटे, आणि रसायनशास्त्राचे औपचारिक शिक्षण शून्य! तरी १९१४ मध्ये रसायनशास्त्रज्ञांनीच त्याला पर्किन पदक दिले. १० मे १९२० रोजी न्यू जर्सीत तो वारला, तेव्हा त्या मुठी अजून लखलखीत होत्या.

बिघडलेल्या मुठीवर औषध नाही. चाकू वेगळा ठेवावा, थंड, कोरड्या, हवेशीर जागी, उन्हापासून दूर, चामड्याच्या म्यानात तर मुळीच नको. घाम फुटल्यासारखी ओलसर झालेली मूठ काढून टाकली तर पाते वाचते. पण कँटनच्या चाकवात त्या मुठीखाली शंभर वर्षांपूर्वीच्या कुणा बाईचा चेहरा असतो. म्हणून काही संग्राहक पाते गंजू देतात आणि तो चाकू वेगळ्या कपाटात उघडा ठेवतात.