ध्वनीला आकड्यांत बांधणारे अॅलेक रीव्हज

घरगुती डिजिटल ध्वनी-कन्व्हर्टरच्या पाठीमागे कोएक्शियल, ऑप्टिकल आणि यूएसबी अशा जोडण्या शेजारी शेजारी असतात. त्यांपैकी कोणती निवडावी, यावर संगीतप्रेमींत तावातावाने वाद झडतात. मात्र या तिन्ही वाटांनी जो आकड्यांतला ध्वनी वाहतो, त्याचे जनक अॅलेक हार्ले रीव्हज यांचे नाव त्या वादात क्वचितच निघते.

रीव्हज यांचा जन्म १९०२ मध्ये इंग्लंडमधील रेडहिल येथे झाला. पुढे पॅरिसमधील दूरध्वनी प्रयोगशाळेत काम करताना त्यांच्यापुढे एक जुनाच प्रश्न उभा ठाकला. लांबच्या तारेवर आवाज क्षीण होई म्हणून वाटेत अॅम्प्लिफायर बसवावे लागत. पण ते आवाजाबरोबर खरखरही वाढवीत. रीव्हज यांनी ध्वनिलहर जशीच्या तशी पाठविण्याचा नादच सोडला. ठरावीक क्षणांना तिची उंची मोजायची आणि ते माप 'स्पंद आहे' वा 'स्पंद नाही' अशा संकेतांत पाठवायचे, ही ती कल्पना. खरखरीत सापडलेला स्पंदही ओळखता येतो आणि नव्याने कोरा करकरीत घडविता येतो. पल्स कोड मॉड्युलेशन नावाच्या या पद्धतीचे फ्रेंच पेटंट त्यांनी १९३८ मध्ये दाखल केले.

काळ मात्र अनुकूल नव्हता. निर्वात नलिकांच्या त्या युगात ही यंत्रणा परवडणारी नव्हती. ट्रान्झिस्टर आल्यावर १९६२ मध्ये अमेरिकेत ती व्यापारी वापरात आली, तोवर १९४२ मध्ये मिळालेल्या अमेरिकी पेटंटची मुदत उलटून गेली होती. मधल्या काळात महायुद्ध झाले. वृत्तीने शांततावादी असलेल्या या माणसानेच बॉम्बफेकी विमानांना अचूक लक्ष्य दाखविणारी 'ओबो' ही रेडिओ यंत्रणा उभारण्यात प्रमुख वाटा उचलला. हा त्यांच्या चरित्रातील सर्वांत अवघड पेच होय.

युद्धानंतर त्यांनी प्रकाशाद्वारे संदेशवहनाच्या संशोधनाला चालना दिली. त्यांच्याच प्रयोगशाळेतील चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ मध्ये काचतंतूविषयीचा पायाभूत निबंध प्रसिद्ध केला.

रीव्हज यांचे तत्त्व ध्यानी घेतले, तर कन्व्हर्टरच्या जोडणीचा वाद बराचसा निवळतो. आकडे शाबूत पोहोचत असतील, तर महागड्या केबलने त्यांत भर पडत नाही. उरतो तो प्रश्न वेळेचा व विजेचा. कोएक्शियल व ऑप्टिकल मार्गांत कन्व्हर्टरला येणाऱ्या संकेतातूनच ताल शोधावा लागतो. असिंक्रोनस यूएसबीत तो कन्व्हर्टरच्या स्वतःच्या घड्याळाने ठरतो. दोन उपकरणांच्या अर्थिंगमुळे गुणगुण ऐकू येत असल्यास ऑप्टिकल बरे, कारण त्यातून वीज वाहत नाही. १९२ किलोहर्ट्झच्या ध्वनिमुद्रणासाठी मात्र कोएक्शियल वा यूएसबी अधिक भरवशाचे.

ब्रिटिश टपाल खात्याने १९६९ मध्ये पल्स कोड मॉड्युलेशनवर तिकीट काढले. १३ ऑक्टोबर १९७१ रोजी रीव्हज यांचे निधन झाले. कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात येण्यास तेव्हा ११ वर्षांचा अवकाश होता.